लाळेची योग्यता

मनुष्याच्या शरीरांतील सर्व द्रवांमध्यें लाळेइतकी उपेक्षा दुसऱ्या कोणाच्याहि वांट्याला आलेली नसेल. अश्रूंना काव्यांत स्थान मिळालें, घामाला श्रमाची प्रतिष्ठा लाभली, रक्ताचें तर नातेंच सांगतात. लाळेचें मात्र नांव निघतें तें केवळ तुच्छतेनें. लोभी मनुष्याची लाळ गळते. धन्याची खुशामत करणाऱ्यास आपण लाळघोट्या म्हणतों. आणि त्याहूनहि जो खालीं उतरला तो दुसऱ्याची थुंकी झेलतो. भाषेनें ज्या वस्तूला असें दाराबाहेर बसविलें आहे, तिच्या अंगीं कांहीं गुण असेल अशी शंका कोणास यावी?

तरीहि एक साधा अनुभव घरोघरीं घेतां येण्यासारखा आहे. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा तोंडांत घेऊन तो न गिळतां सावकाश चावीत राहिलें, तर एक-दोन मिनिटांत त्याला किंचित् गोडी येऊं लागते. भाकरींत गूळ नसतो, साखर नसते. कालवणहि अजून लावलेलें नसतें. मग ही गोडी येते कोठून? प्रश्न लहान मुलानें विचारावा इतका सोपा आहे. पण त्याचें उत्तर सांपडून लाळेला तिचें योग्य स्थान मिळेपर्यंत युरोपांतील विद्वानांचीं सुमारें अडीचशें वर्षें खर्चीं पडलीं.

प्राचीनांनीं अन्नपचनाची कल्पना स्वयंपाकघरावरून बसविली होती. आपला 'पचन' हा शब्द 'पच्' म्हणजे शिजविणें या धातूपासून निघाला. ग्रीकांच्या 'पेप्सिस' या शब्दाचाहि अर्थ शिजणें, पिकणें, पचणें असाच असून, भाषाशास्त्रज्ञांच्या मतें हे दोन्ही शब्द एकाच मूळ धातूचीं अपत्यें आहेत. पोटांत अग्नि आहे, जठर हें त्यावर ठेवलेलें भांडें आहे आणि अन्न तेथें शिजतें, अशी ही समजूत होती. या स्वयंपाकांत तोंडाचें काम तें केवढें? दांत म्हणजे जातें, आणि लाळ म्हणजे पीठ भिजविण्याचें पाणी. पाण्याची योग्यता कोणी तपासून पाहात नाहीं.

पहिला प्रश्न होता तो हें पाणी येतें कोठून, एवढाच. १६५६ सालीं इंग्लंडमधील थॉमस व्हार्टन या वैद्यानें जबड्याखालील लालापिंडापासून तोंडांत येणारी नलिका दाखवून दिली. पुढें १६६० सालीं निकोलस स्टेनो हा बावीस वर्षांचा डेन्मार्कचा विद्यार्थी अॅम्स्टरडॅम येथें मेंढ्याचें डोकें चिरून पाहात असतां, गालांतील एका नलिकेंत घातलेली त्याची बारीक सळई अकस्मात् दांतावर आपटल्याचा आवाज त्याला ऐकूं आला. कानाजवळील मोठ्या लालापिंडाचा मार्ग असा सांपडला. त्या शोधाचें श्रेय कोणाचें यावरून स्टेनो व त्याचे तेथील गुरु यांच्यांत मोठा कलह माजला. पण नलिकेंतून वाहणाऱ्या द्रवाचें काम काय, हा प्रश्न त्या कलहांत तसाच राहून गेला.

अठराव्या शतकांत विद्वानांचें सर्व लक्ष जठराकडे लागलें. अन्न तेथें दळलें जातें, कुजतें कीं विरघळतें, हा त्या काळचा वाद. फ्रान्समधील रेओम्यूर यानें आपल्या पाळीव शिकारी पक्ष्यास मांसाचे तुकडे भरलेल्या धातूच्या नळ्या गिळावयास लावल्या. त्या नळ्यांमुळें मांसावर दाब पडणें शक्य नव्हतें. तरीहि पक्ष्यानें त्या ओकून टाकल्या तेव्हां आंतील मांस विरघळत आलेलें आढळलें. १७५२ सालीं त्यानें हे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच्यामागून इटलीमधील स्पॅलान्झानी यानें तेच प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. कापडाच्या लहानशा पिशवींत चावलेला पाव शिवून ती पिशवी त्यानें गिळली, आणि पुढें ती शरीराबाहेर पडली तेव्हां आंतील पाव नाहींसा झाला होता. जठरांत पाचक रस असतो आणि तो शरीराबाहेर भांड्यांतहि मांस विरघळवितो, हें त्याच्या प्रयोगांनीं निर्विवाद ठरलें. परंतु येथें एक चमत्कार ध्यानांत घेण्यासारखा आहे. त्या चावलेल्या पावाबरोबर पिशवींत लाळहि गेली होती. सर्व कीर्ति मात्र जठररसाला मिळाली.

विद्वानांना जें दिसलें नाहीं, त्याचा उपयोग दूरदेशींच्या अशिक्षित स्त्रिया शतकानुशतकें करीत होत्या. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांत मक्याचें पीठ तोंडांत घोळवून त्याचे गोळे करीत आणि ते सुकवून 'चिचा' नांवाचें पेय तयार करीत. जपानांतहि पूर्वीं भात चावून भांड्यांत टाकावयाचा व त्यापासून मद्य करावयाचें, अशी रीत होती. लाळेनें पिष्टाची साखर होते आणि साखर झाल्यावांचून मद्य होत नाहीं, हें शास्त्र त्यांना ठाऊक नव्हतें. परंतु चावल्यावांचून काम होत नाहीं, हें अनुभवानें पक्कें ठाऊक होतें.

युरोपांत या प्रश्नाला चालना मिळाली ती नेपोलियनच्या युद्धांमुळें. १८०६ सालीं नेपोलियननें इंग्रजी मालाला युरोपचीं बंदरें बंद केलीं, आणि उंसाची साखर दुर्मिळ झाली. साखरेला पर्याय काय, याचा शोध जिकडे तिकडे सुरू झाला. अशा वेळीं, १८११ सालीं, सेंट पीटर्सबर्ग येथील किर्खॉफ नांवाच्या रसायनज्ञाला असें आढळलें कीं, पिष्ट पाण्यांत कालवून त्यांत थोडें गंधकाम्ल घालून उकळलें, तर त्याचा गोड पाक होतो. नवल असें कीं, घातलेलें आम्ल शेवटीं जसेंच्या तसें शिल्लक राही. पुढील चार-पांच वर्षांत त्यानेंच दाखविलें कीं, हेंच काम धान्यांतील चिकट प्रथिनांशानेंहि होतें. त्याला आम्लाची गरज लागत नाहीं.

त्याच युद्धकाळानें दुसरेंहि एक साधन दिलें. तोफांच्या दारूसाठीं सोरा हवा होता. त्या खटपटींत असलेल्या बर्नार कुर्त्वा या फ्रेंच कारखानदाराला १८११ सालीं समुद्रशेवाळाच्या राखेंतून जांभळी वाफ निघतांना दिसली, आणि आयोडीन हें नवें मूलद्रव्य हातीं आलें. १८१४ सालीं कॉलिन व गोतिए द क्लोब्री या दोघांनीं दाखविलें कीं, आयोडीनचा थेंब पिष्टावर पडतांच गडद निळा रंग येतो. पिष्टाची साखर झाली म्हणजे हा रंग येत नाहीं. पिष्ट केव्हां नाहींसें झालें हें डोळ्यांनीं पाहण्याची युक्ति आतां रसायनज्ञांच्या हातीं आली.

भूमिका तयार झाल्यावर १८३१ सालीं जर्मनींतील लॉइक्स नांवाच्या रसायनज्ञानें अगदीं साधा प्रयोग केला. शिजविलेल्या पिष्टाच्या खळींत ताजी लाळ मिसळून त्यानें ती ऊबेंत ठेवली. घट्ट खळ पातळ झाली आणि कांहीं वेळानें गोड लागूं लागली. लाळेंत साखर नव्हती, खळींतहि नव्हती. दोहोंच्या संयोगानें ती उत्पन्न झाली. घांसाला येणाऱ्या गोडीचें उत्तर हेंच होतें. परंतु एका फार मोठ्या गोष्टीची सुरुवात या कांचेच्या भांड्यांत झाली आहे, हें त्या वेळीं फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

दोनच वर्षांनीं, १८३३ सालीं, पॅरिस येथें पायाँ व पेर्सो या दोघांनीं मोड आलेल्या सातूच्या अर्कांत मद्यार्क ओतून एक पांढुरका सांका वेगळा काढला. हा सांका सुकवून पाण्यांत विरघळविला, तर तो आपल्या वजनाच्या दोन हजारपट पिष्टाचें रूपांतर करूं शकतो, असें त्यांनीं लिहिलें. पाणी उकळलें कीं मात्र त्याचा गुण नष्ट होई. ग्रीक भाषेंतील 'वेगळें करणें' या अर्थाच्या शब्दावरून त्यांनीं त्याला 'डायस्टेस' असें नांव दिलें. स्वीडनच्या बर्झेलियसनें १८३५ सालीं अशा सर्व क्रियांची एकत्र मांडणी केली. स्वतः न खर्चतां दुसऱ्या पदार्थांत बदल घडविणाऱ्या या शक्तीला त्यानें 'कॅटॅलिसिस' म्हटलें, आणि जिवंत वनस्पतींत व प्राण्यांत अशा हजारों क्रिया चालत असाव्या, असा तर्क केला. तो तर्क पुढें खरा ठरला.

१८४५ सालीं पॅरिसमधील मियाल नांवाच्या औषधिनिर्मात्यानें लाळेवर तीच मद्यार्काची युक्ति चालविली व तिच्यांतून तसाच सांका काढला. सातूच्या मोडांतील आणि माणसाच्या तोंडांतील द्रव्य एकाच जातीचें काम करतें, असें त्यानें सांगितलें. शेतांत उगवणारें बीं आपल्या पोटांतील पिष्ट विरघळवून कोंबाला पोसतें आणि मनुष्य तेंच बीं खाऊन स्वतःचें पोषण करतो. दोघांचीहि पहिली पायरी एकच, ही कल्पना त्या काळीं खरोखरच विलक्षण होती.

आतां लाळेला मान मिळावयास हरकत नव्हती. पण तिच्या विरुद्ध उभा राहिला तो सामान्य मनुष्य नव्हे. क्लोद बर्नार हा त्या शतकांतील शरीरक्रियाशास्त्राचा अग्रणी. त्याच्या मतें लाळेचें खरें काम यांत्रिक होतें. कानाजवळच्या पिंडाची पातळ लाळ चावण्यासाठीं, जबड्याखालच्या पिंडाची चव घेण्यासाठीं आणि जिभेखालच्या पिंडाची चिकट लाळ घांस गिळण्यासाठीं, अशी वांटणी त्यानें केली होती. अन्न जितकें कोरडें तितकी लाळ अधिक, हा प्राण्यांवरील अनुभव त्याच्या बाजूला होता. पाण्याचें काम करणाऱ्या वस्तूला रसायनाचा मान कशाला, असा हा रोख होता.

त्याचा आक्षेप पोकळ नव्हता. घांस तोंडांत राहतो तो फार तर अर्धें मिनिट. खाणारा घाईंत असेल तर तेवढाहि नाहीं. तेवढ्या वेळांत पिष्टाचें कितीसें रूपांतर होणार? शिवाय जठरांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें, हें इंग्लंडमधील विल्यम प्राउट यानें १८२४ सालींच दाखविलें होतें. आणि अशा आम्लांत लाळेंतील द्रव्य निकामी होतें, हें प्रयोगानें सहज दिसे. म्हणजे तोंडांत वेळ नाहीं आणि जठरांत जीव नाहीं, अशी लाळेची कोंडी झाली. त्यांत पुढें स्वादुपिंडाचा रस तेंच काम आंतड्यांत अधिक जोमानें करतो असें आढळल्यामुळें, लाळेवांचून कांहीं अडतें असेंहि म्हणतां येईना.

येथें आणखी एक अडचण होती, आणि तिची उमज हळूहळूच पडली. शास्त्रज्ञांचे प्रयोग बहुधा घोड्यांवर व कुत्र्यांवर चालत. या दोन्ही प्राण्यांच्या लाळेंत पिष्ट फोडणारें द्रव्य जवळजवळ नसतेंच. रशियांतील पाव्हलॉव्ह यानें कुत्र्याच्या लाळेवर केलेले प्रयोग जगप्रसिद्ध आहेत. पचनक्रियेच्या अभ्यासाबद्दल १९०४ सालीं त्याला नोबेल पारितोषिकहि मिळालें. कुत्र्याच्या तोंडांत वाळू टाकली तर लाळेचा लोट येतो, गुळगुळीत खडे टाकले तर ती फारशी येत नाहीं, हें त्यानें दाखविलें. धुऊन काढणें आणि भिजविणें हीं लाळेचीं कामें यावरून उत्तम सिद्ध होतात. परंतु माणसाच्या लाळेंतील विशेष गुण कुत्र्याच्या तोंडांत शोधणें म्हणजे आंब्याची चव चिंचेवरून ठरविण्यासारखें होतें.

या कोंडींतून लाळेची सुटका झाली ती क्ष-किरणांच्या साहाय्यानें. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत वॉल्टर कॅनन हा तरुण विद्यार्थी १८९६ पासून मांजरांना बिस्मथ धातूचा क्षार मिसळलेलें अन्न खाऊं घालून त्यांच्या जठराची हालचाल क्ष-किरणांनीं पाहूं लागला. तेव्हां असें दिसून आलें कीं, जठर म्हणजे सारखी घुसळली जाणारी रवी-डेऱ्याची जोडी नव्हे. घुसळण होते ती खालच्या भागांत. वरचा भाग कोठाराप्रमाणें शांत असतो, आणि गिळलेले घांस तेथें एकावर एक रचून राहतात. या ढिगाच्या आंतल्या भागास आम्ल लवकर पोंचत नाहीं. १९०३ सालीं कॅनन व त्याचा सहकारी डे यांनीं जठरांतील अन्नाचें परीक्षण करून दाखविलें कीं, या कोठारांत लाळेचें काम अन्न गिळल्यावरहि बराच वेळ चालूच असतें.

म्हणजे प्रश्न अर्ध्या मिनिटाचा नव्हताच. लाळ आपलें काम तोंडांत केवळ आरंभिते. घांसाबरोबर ती स्वतः प्रवासाला निघते आणि वाटेंत काम पुरें करीत जाते. तोंडांत पिष्टाचा फार तर विसावा हिस्सा फुटतो; पण जठरांत आम्लाशीं पुरतें मिसळण्यापूर्वीं तिसऱ्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनहि कांहीं अधिक पिष्ट फुटलेलें असतें, असें शरीरशास्त्राच्या पाठ्यग्रंथांत सांगतात. बर्नारनें सांगितलेलीं कामें लाळ करते, हें खरेंच. पण तीं करीत असतां ती दुसरेंहि काम करते, हें मियालचें म्हणणें त्याहून कमी खरें नव्हतें.

या काळांत या जातीच्या सर्व द्रव्यांना एक सामान्य नांवहि मिळालें. जर्मनींतील हायडेलबर्गच्या कूने या प्राध्यापकानें १८७६ सालीं त्यांना 'एन्झाइम' म्हटलें. मराठींत आतां त्यांना 'विकर' असेंहि म्हणतात. हीं द्रव्यें जिवंत पेशीवांचून काम करतात कीं नाहीं, यावर पाश्चर व लीबिग यांच्यासारख्या दिग्गजांचा वाद झाला होता. १८९७ सालीं एडुआर्ट बुखनर यानें यीस्ट वाटून, पिळून काढलेल्या निर्जीव रसानें साखरेचें मद्य करून दाखविलें, आणि त्याबद्दल १९०७ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. जीवनाचें काम जिवंत शरीराच्या भिंतीबाहेरहि चालूं शकतें, हा सिद्धांत अखेर मान्य झाला. श्रोतेहो, लॉइक्सच्या त्या साध्या भांड्यांत साठसहा वर्षांपूर्वीं हीच गोष्ट घडलेली होती.

हीं द्रव्यें तरी वस्तुतः काय आहेत? १९२६ सालीं अमेरिकेंतील सम्नर यानें एका विकराचे स्फटिक प्रथमच तयार करून तें प्रथिन असल्याचें सांगितलें. पुष्कळांनीं त्यावर विश्वास ठेवला नाहीं. १९४६ सालीं मात्र त्याच्या कार्याचा नोबेल पारितोषिकानें गौरव झाला. माणसाच्या लाळेंतील विकराचे स्फटिक जिनीव्हा येथें कुर्ट मायर, एडमंड फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काढले. तो वृत्तांत १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूला जगानें थुंकी म्हणून झिडकारलें, तिच्यांतून स्फटिक निघाले!

या विकराला आज 'अमायलेज' म्हणतात. पिष्ट म्हणजे ग्लुकोज साखरेच्या शेंकडों-हजारों मण्यांची माळ. कांहीं माळा सरळ, कांहीं फांद्या फुटलेल्या. अमायलेज ही माळ मधल्या मधल्या सांध्यांवर तोडतें आणि प्रत्येक तुटलेल्या सांध्यावर पाण्याचा एक कण जोडतें. आरंभीं मोठे तुकडे होतात, मग लहान, आणि शेवटीं बहुतेक दोन किंवा तीन मण्यांचे. दोन मण्यांची ती माल्टोज साखर. भाकरीला येणारी गोडी मुख्यतः तिचीच. एक एक मणी सुटा करण्याचें शेवटचें काम आंतड्याच्या अस्तरांतील दुसरीं विकरें करतात. अमायलेजला ऊब हवी ती शरीराची, आम्ल फारसें नको, आणि थोडा क्षारांतील क्लोराइडचा अंश मात्र अवश्य हवा. तो लाळेंत असतोच. कच्चें पिष्ट त्याला कठीण जातें, शिजविलेलें सोपें. म्हणून चूल आणि लाळ यांची जोडी आहे.

हें सर्व पाहण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. तांदळाची पातळ पेज गार करून दोन वाट्यांत घ्यावी. एकींत थोडी लाळ मिसळावी व दोन्ही वाट्या कोमट पाण्यांत ठेवाव्या. थोड्या थोड्या वेळानें दोहोंतील थेंब वेगळे काढून त्यांवर पातळ केलेलें टिंक्चर आयोडीन टाकीत जावें. लाळ नसलेल्या पेजेचा थेंब निळा तो निळाच राहतो. लाळेच्या पेजेचा थेंब आधीं निळा, मग जांभळा, मग तांबूस होत जातो, आणि अखेर त्याला आयोडीनच्या स्वतःच्या फिकट पिंवळेपणापलीकडे रंग चढत नाहीं. तपासलेले थेंब अर्थातच फेंकून द्यावेत. किर्खॉफपासून मियालपर्यंतचा इतिहास या दोन वाट्यांत पाहावयास मिळतो.

कथा येथेंच संपत नाहीं. २००७ सालीं अमेरिकेंतील जॉर्ज पेरी, नॅथॅनिएल डोमिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, लाळेंतील अमायलेज घडविणाऱ्या जनुकाच्या प्रती सर्व माणसांत सारख्या नसतात. ज्या समाजांच्या आहारांत धान्य-कंदांचें पिष्ट पूर्वापार अधिक, त्यांच्यांत या प्रती सरासरीनें अधिक असतात. चिंपांझीच्या अंगीं मात्र आई-बापांकडून आलेल्या अवघ्या दोन. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असें दिसतें कीं, या जनुकाची पहिली वाढ आठ लाख वर्षांहूनहि पूर्वीं, म्हणजे शेतीचा मागमूस नव्हता तेव्हां, झाली असावी. मनुष्यानें धान्य पेरण्याच्या कितीतरी आधीं त्याच्या तोंडानें त्याची तयारी आरंभिली होती, असा याचा अर्थ होतो.

लाळेच्या या इतिहासांत पराभूत कोणी नाहीं. बर्नारचा आक्षेप नसता, तर लाळेला वेळ कोठें मिळतो हें शोधण्याची गरज कोणाला भासली नसती. आणि मियालचा आग्रह नसता, तर तें शोधावें असें कोणाला वाटलें नसतें. प्रश्न मिटला तो कोणाच्या मोठेपणानें नव्हे. जठरांत अन्न कसें राहतें, हें कोणीतरी प्रत्यक्ष पाहिलें, म्हणून. आपल्या घरांतील वडील मंडळी मुलांना 'घांस नीट चावून खा' असें सांगत आलीं, तें कोणत्याहि प्रयोगशाळेची वाट न पाहतां. त्या सांगण्यांतील शास्त्र उकलण्यास अडीचशें वर्षें लागलीं; पण घरच्या पंक्तींत त्याची प्रचीति प्रत्येकाला, प्रत्येक घांसाला, फुकट मिळत आलेली आहे.